इहिदे सबैन अलफ

इंग्रजी संख्यानामांची एक गंमत आहे. कोणत्याही संख्येचं नाव लिहा, अक्षरं मोजा, जी संख्या येईल तिचं नाव लिहा, पुन्हा मोजा. थ्रीची पाच, फाइव्हची चार आणि फोरची चारच. सगळ्या वाटा चारपाशी थांबतात. मराठीत शून्यापासून दहापर्यंत प्रत्येक नाव दोन अक्षरांचं. अकरा तीन, चौऱ्याहत्तर पाच. म्हणून आपली वाट 'दोन'पाशी संपते. उर्दूत 'दो'चे हर्फ दोन आणि 'तीन'चे तीन, म्हणून तिथे थांबेही दोन.

पण संख्येचं स्पेलिंग हा आपल्याकडे नुसता खेळ नव्हता. शिवकाळात आणि पेशवाईत मराठी कागदांवर शुहूर सन असे, आणि तो बहुधा अक्षरांत, अरबी शब्दांत लिहीत: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. अरबीत शुहूर म्हणजे महिने. हिजरी साल चंद्रावर चालतं, शुहूर सूर्यावर. तो मृग नक्षत्राला सुरू होई, म्हणून शेतसाऱ्याच्या हिशेबाला सोयीचा. त्यात ५९९ मिळवले की वर्षारंभीचं इसवी साल येतं, आणि जानेवारी लागल्यावर ६००.

आपल्या गावाचंच उदाहरण घ्या. सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांची दाऊदखानाशी वणी-दिंडोरीची लढाई झाली ती ऑक्टोबर १६७० मध्ये. तेव्हाचा शुहूर सन १०७१, म्हणजे 'इहिदे सबैन अलफ': एक, सत्तर, हजार. पानिपत (जानेवारी १७६१) 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे ११६१. इथे एक अक्षर चुकलं तरी इतिहास हलतो. 'सबा' म्हणजे सात आणि 'सबैन' सत्तर. 'तिसा' नऊ, 'तिसैन' नव्वद. मोडीच्या घाईत लिहिलेला शब्द नीट लागला नाही, तर लढाई, वतन, इनाम भलत्याच सालात जातं.

आणखी एक पाहा. 'इहिदे सबैन' आणि 'एकाहत्तर', दोन्हींत एकक आधी, दशक मागून. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'सोबत 'वीस एक' आलं, तेव्हा केवढा वाद झाला! त्या वादात ही जुनी सोबत कुणाला आठवली नाही.

अरबी शब्द मराठीला परके, असं आजही ऐकू येतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कारकून मात्र रोज 'मया व अलफ' लिहीत होते. त्यांतला 'व' अरबीतही 'आणि' आणि मराठीतही 'आणि'. उर्दू शाळेतली जी मुलं अरबी शिकतात, त्यांना ही संख्यानामं ओळखीची वाटू शकतात. त्यांना जोडीला मोडी शिकवली, तर दफ्तरांतल्या बांधलेल्या रुमालांना वाचक मिळतील.