अलिंद-अकार्यक्षमता

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांचे, म्हणजे अलिंदांचे, रक्त साठवण्याचे किंवा ते पुढे ढकलण्याचे कार्य बिघडणे. वैद्यकीयदृष्ट्या डाव्या अलिंदातील बिघाड अधिक महत्त्वाचा मानला जातो.

कार्य : निलय (हृदयाचा खालचा कप्पा) आकुंचन पावत असताना डावे अलिंद फुप्फुसांकडून आलेले रक्त साठवते, द्विदल झडप उघडताच ते निलयात जाऊ देते आणि शेवटी स्वतः आकुंचन पावून उरलेले रक्त खाली ढकलते. निरोगी हृदयात निलय भरण्यात या शेवटच्या आकुंचनाचा वाटा साधारण २० ते ३० टक्के असतो.

कारणे : उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, वाढते वय व झडपांचे विकार. भारतात ऱ्हुमॅटिक ताप हे अजूनही मोठे कारण आहे. बालपणी स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा सुजतो, काही मुलांत त्यानंतर ताप व सांधेदुखी येते आणि पुढे द्विदल झडप आवळत जाते. एरवी ४ ते ६ चौ.सेंमी. असलेले तिचे तोंड १.५ चौ.सेंमी.पर्यंत आले की आजार तीव्र समजतात. हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. पुष्कळदा गरोदरपणी लागणारी धाप हेच त्याचे पहिले लक्षण असते.

परिणाम : ताणलेले अलिंद आकुंचन पावण्याऐवजी थरथरू लागते (अलिंद-कंपन). त्यात साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. झडपेचा विकार नसतानाही अलिंद-कंपनामुळे हा धोका सुमारे पाचपट होतो. झडप आवळलेली असल्यास तो आणखी वाढतो.

निदान : अनियमित नाडी, ईसीजी व टू-डी इको. शरीराच्या दर चौ.मी. पृष्ठभागामागे डाव्या अलिंदाचे आकारमान ३४ मि.लि.हून अधिक असल्यास ते वाढलेले समजतात.

उपचार : ठोक्यांची गती आटोक्यात ठेवणे व रक्त पातळ ठेवणारी औषधे देणे. आवळलेल्या द्विदल झडपेसोबत कंपन असल्यास या औषधांपैकी वॉरफॅरिनच योग्य ठरते, हे २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीने दाखवले. मात्र त्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. योग्य रुग्णांत फुग्याने झडप रुंद करता येते. जपानचे कानजी इनोउए यांची ही पद्धत १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली.

देगलूर परिसर : तेलंगणाच्या सीमेवरील या तालुक्याच्या नांदेड जिल्ह्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नांदेडजवळ विष्णुपुरीत आहे. देगलूरहून तेथे वारंवार जाणे मजुरी बुडवणारे असल्याने आयएनआर तपासणी गावाजवळ होणे गरजेचे आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होता. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि झडपेच्या शस्त्रक्रियेचा तीत समावेश आहे.

प्रतिबंध : मुलांच्या घसादुखीवर वेळेवर उपचार, ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेलेल्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन आणि रक्तदाबावर नियंत्रण. धाप व धडधड असलेल्या प्रत्येकाची नाडी पाहून ईसीजी काढल्यास अनेक पक्षाघात टाळता येतात.