हॉपियाच्या झाडाखाली

गॉर्डन हॉल हे नाव मराठी वाचकांस अगदीच अपरिचित नसावे. १८१३ साली मुंबईस येऊन ज्या दोघांनी अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला, त्यांपैकी हे एक. पुढे रेव्हरंड टिळक ज्या मिशनात काम करीत, तेच हे मिशन. मार्च १८२६ मध्ये नाशिकहून मुंबईस परतताना हॉल वाटेतच पटकीने वारले. अमेरिकेत सेलम गावी १८१२ साली त्यांच्याबरोबर ज्या चौघांना दीक्षा मिळाली होती, त्यांत ॲडोनिराम जडसन होते. ते ब्रह्मदेशात गेले. हॉल वारले त्याच वर्षी जडसन यांच्याही घरावर मृत्यूने घाला घातला.

त्यापूर्वी दोन मुले गेलीच होती. एक प्रवासात मृत जन्मले, दुसरे आठ महिन्यांचे होऊन गेले. तरी दहा वर्षे खपून १८२३ साली जडसन यांनी नव्या कराराचे ब्रह्मी भाषांतर पुरे केले. हे काम दिसते तितके सोपे नव्हते. बौद्ध माणसाला पुन्हा जन्म म्हणजे फेरा. त्यातून सुटण्यासाठीच तो धडपडतो. मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, ही वार्ता त्याला आनंदाची कशी वाटावी? पुनर्जन्म आणि पुनरुत्थान यांतला भेद आपल्याकडेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एकात जीव नवे शरीर घेतो. दुसऱ्यात तोच माणूस, जखमांच्या खुणांसकट, पुन्हा भेटतो.

१८२४ त इंग्रज-ब्रह्मी युद्ध जुंपले. परका गोरा म्हणून जडसन यांच्यावर हेरगिरीचा संशय आला आणि आवा येथे ते बेड्यांत पडले. त्यांच्या पत्नी ॲनबाई यांनी भाषांतराचे हस्तलिखित उशीत शिवून तुरुंगात पोचवले. पुढे पहारेकऱ्यांनी ती उशी फाडून आतले बोचके फेकून दिले; एका ब्रह्मी शिष्याने ते केवळ गुरूची आठवण म्हणून उचलून नेले, म्हणून वाचले! नवरा कैदेत असताना ॲनबाई अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवीत होत्या. त्यातच मारिया जन्मली.

सुटकेनंतर जडसन दुभाषी म्हणून पुन्हा आव्यास गेले असताना, २४ ऑक्टोबर १८२६ रोजी ॲम्हर्स्ट येथे ॲनबाई तापाने वारल्या. काळ्या लाखेचे पत्र हाती देणारा म्हणाला, मूल गेले, फार वाईट वाटते. जडसन यांनी पत्र फोडले, तो आत पत्नीच्या मृत्यूची बातमी. सहा महिन्यांनी सव्वादोन वर्षांची मारियाही गेली. हॉपियाच्या झाडाखाली आईशेजारी तिला पुरले.

मग हा माणूस खचला. मानाची पदवी सोडली, स्तुतीची पत्रे नष्ट केली, रानात झोपडी बांधून एकटा राहू लागला. स्वतःसाठी खड्डा खणून, त्याच्या काठी बसून, आपला देह कसा कुजेल याचे चिंतन करू लागला. १८२९ साली त्यांनी लिहिले, देवावर माझा विश्वास आहे, पण तो मला सापडत नाही.

मिशनऱ्यांच्या चरित्रांत असली पाने झटकन उलटली जातात. तसे करू नये. योहानाच्या शुभवर्तमानात लाजरला उठवण्यापूर्वी येशू रडला असे आहे. आशा असलेल्याने रडू नये, असा नियम तिथे दिसत नाही. पुढे मरिया मग्दालिया रडत कबरीत वाकून पाहते. मग मागे वळते, आणि वळल्यावर तिला तो भेटतो. जडसन वाकलेलेच राहिले होते, असे मला वाटते.

वळले ते हळूहळू. कसलाही दृष्टान्त झाला नाही. १८३० च्या सुमारास ते रंगूनकडे माणसांत परतले; दारी येणाऱ्यांना पुस्तिका देत, आणि रोज जुन्या कराराची ठराविक पाने उतरवीत. त्यांत ईयोबाचे पुस्तकही आले: मुले गमावलेल्या, देवाशी भांडणाऱ्या माणसाचे. ३१ जानेवारी १८३४ रोजी मौलमीन येथे शेवटचे पान झाले. त्याच वर्षी त्यांनी सेरा बोर्डमन या विधवेशी लग्न केले. १८४५ त सेंट हेलेना येथे तीही गेली. शोक झाला, पण या वेळी ते रानात गेले नाहीत.

१२ एप्रिल १८५० रोजी जडसन भर समुद्रात जहाजावर वारले. त्याच संध्याकाळी देह पाण्यात सोडला. त्यांची तिसरी पत्नी मौलमीनला होती. तिला हे कळायला चार महिने लागले. त्यांचे ब्रह्मी बायबल तिकडच्या ख्रिस्ती घरांतून आजही वाचले जाते.