नर्सबाईंचा मान: पुण्याच्या सेवासदनची गोष्ट



१२ मे हा परिचारिका दिन. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १८२० साली याच तारखेला झाला. त्या दिवशी आरोग्य केंद्रात नर्सबाईंना गुलाबाचं फूल देतात, कुठे शाल-श्रीफळ देतात. चांगलंच आहे ते. पण शंभर-सव्वाशे वर्षांमागे आपल्याच महाराष्ट्रात या कामाला मान नव्हता. तो कसा मिळाला, कुणी मिळवून दिला, ते आज बघू.

आजारी माणसाची सेवा बायका पूर्वापार करत आल्या. घरातलं दुखणंखुपणं कुणाकडे? बाईकडे. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा सावित्रीबाई फुले रोग्यांच्या सेवेला धावल्या आणि त्याच साथीत १० मार्चला गेल्या. पण ही सेवा म्हणजे नोकरी नव्हे. शिक्षण घ्यायचं, पगार घ्यायचा आणि परक्या माणसाची शुश्रूषा करायची, ही गोष्ट लोकांना पटत नव्हती. परक्याचं रक्त, मलमूत्र हाताळायचं म्हणजे विटाळ. परजातीच्या माणसाला हात लावायचा म्हणजे बाटणं. पुरुष रोग्याजवळ जायचं आणि रात्रपाळी करायची म्हणजे तर बोलायलाच नको! बाळंतपण करणाऱ्या सुईणीची गरज सगळ्यांना, पण तिला पंगतीत घ्यायला कुणी तयार नाही.

म्हणून सुरुवातीला या कामात ख्रिस्ती बायका जास्त आल्या. मिरजेसारख्या ठिकाणी मिशनचे दवाखाने निघाले, तिथे त्या शिकल्या. मुंबईत १८९१ साली शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव पहिली भारतीय नर्स म्हणून घेतलं जातं. या बायकांनी वाट पाडली, हे विसरून चालणार नाही.

आता रमाबाई रानड्यांकडे येऊ. त्यांचा जन्म १८६२ चा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. अकराव्या वर्षी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झालं, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. नवऱ्याने शिकवलं. शिकते म्हणून घरातल्याच बायकांची बोलणी त्यांनी खाल्ली. १९०१ साली न्यायमूर्ती गेले आणि रमाबाई स्वतः विधवा झाल्या. १९०९ साली त्यांनी आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी मिळून पुण्यात सेवासदन सुरू केलं.

त्या काळी विधवा बाईचं जिणं कसं होतं, हे आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलेलं आहे. बारा-पंधरा वर्षांच्या मुली विधवा व्हायच्या. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत केस काढायचे, लाल आलवण नेसवायचं आणि जन्मभर दुसऱ्याच्या चुलीपाशी राबवायचं. स्वतःचा पैसा नाही, स्वतःची जागा नाही. सेवासदनात अशा बायका लिहायला-वाचायला शिकू लागल्या, शिवणकाम शिकू लागल्या. काहींना शिक्षिका व्हायचं होतं. काहींना संस्थेने पुण्याच्या ससून रुग्णालयात नर्सचं आणि दाईचं काम शिकायला पाठवलं.

इथे रमाबाईंची हुशारी दिसते. सेवा हा धर्म आहे, एवढं भाषण करून त्या थांबल्या नाहीत. बाईला शिकायला पाठवायचं तर ती राहणार कुठे? म्हणून संस्थेने वसतिगृह काढलं. लोक नावं ठेवणार, तर संस्थेचं नाव आणि वजन तिच्या पाठीशी. आणि शिकून झालं की हातात प्रमाणपत्र, म्हणजे पगाराचं काम. बचत गटाच्या बायांना हे लगेच कळेल. एकटी बाई बँकेत गेली तर साहेब बसा म्हणत नाही, गट गेला की म्हणतो.

त्या काळातला एक प्रसंग सांगितला जातो. पुण्यात सेवासदनचा बक्षीस समारंभ होता. कॉलेजात शिकलेली मुलंही बघायला आली होती. केस काढलेली, जुनं लुगडं नेसलेली एक विधवा बक्षीस घ्यायला मंचावर आली. वर सज्जात बसलेल्या त्या पोरांनी हुल्लड केली, टाळ्या पिटून तिची टर उडवली. समारोपाला रमाबाई उठल्या आणि त्यांनी त्या मुलांना चांगलंच फैलावर घेतलं. त्यांच्या बोलण्याचं सार असं: तुम्ही शिकलेले म्हणवता, पण तुमच्यात असं एक तरी घर आहे का, जिथे विधवा बहीण, आत्या नाहीतर आई नाही? सभा गप्प झाली.

मला या प्रसंगाचं महत्त्व वाटतं ते असं. ज्या बाईला लोक हसले, तिच्या बाजूने कुणीतरी भर सभेत उभं राहिलं. मान असा मिळतो. रमाबाई १९२४ साली गेल्या, पण पांढरपेशा घरातली बाई नर्स होऊ शकते, हे तोवर पुण्याने पाहिलं होतं.

तरी देशात नर्स किती? १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. त्यात हिशेब आहे, सुमारे ४३ हजार माणसांमागे एक नर्स. खेड्यात तर नर्स दिसणंच कठीण. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रं निघाली, मग उपकेंद्रं आली. आज नियमाप्रमाणे ५ हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात ३ हजारांना. तिथल्या नर्सबाई गरोदर बाईची नोंद करतात, लस देतात, बाळंतपण करतात आणि वर रजिस्टरं भरतात.

आणि आपण काय करतो? २०२० साली करोना आला. आपण टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. त्याच दिवसांत कितीतरी नर्सना घरमालकांनी खोली खाली करायला सांगितलं. शेवटी सरकारला त्यांच्या संरक्षणासाठी कायदा कडक करावा लागला. म्हणजे शंभर वर्षांनंतरही विटाळ गेला नव्हता, फक्त त्याचं नाव बदललं होतं!

म्हणून गटांनी काय करावं, ते सांगते. उपकेंद्राच्या खोलीला दार-कडी, दिवा, पाणी आणि संडास आहे का, हे ग्रामसभेत विचारा. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्या बैठकीला जा, निधी कशावर खर्च झाला ते विचारा. रात्री बाळंतपणासाठी नर्सबाईंना बोलवायचं असेल, तर एकट्या पुरुषाला पाठवू नका, सोबत दोन बाया जा. गोळ्या संपल्या तर त्यांच्यावर ओरडू नका. गोळ्या वरून येतात, त्यामुळे लेखी अर्ज वर करा. कामात हयगय झाली तरी तक्रार लेखीच करावी. अंगावर धावून जाणं हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने गुन्हा आहे.

आणि आपल्या मुली? एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन, बीएस्सी नर्सिंगचा चार वर्षांचा. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे नक्की तपासा. मान्यता नसेल तर पैसे गेले, नोंदणी नाही आणि नोकरीही नाही. फी कमी पडली तर गटातून कर्ज द्या. शेळीला देतो, शिलाई मशीनला देतो, मग पोरीच्या शिक्षणाला का नको? आणि सून नर्स असेल तर तिच्या रात्रपाळीवरून घरात कटकट नको. सकाळी ती दमून आली की तिच्यापुढे गरम चहा ठेवा आणि तिला झोपू द्या.

फूल तर द्याच. पण रमाबाईंनी जे केलं, ते आधी करू. राहायला जागा, शिकायला पैसा आणि वेळ आली की चार लोकांत तिच्या बाजूने एक शब्द.