नावे बदलतात, जागा बदलत नाही

बौद्ध स्थळांचा इतिहास हा जसा स्तूपांचा व शिलालेखांचा इतिहास आहे, तसाच तो स्थाननिश्चितीचाही इतिहास आहे. सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्युएनत्संग यांनी एका स्थळापासून दुसऱ्या स्थळाची दिशा आणि 'ली' या मापातील अंतर लिहून ठेवले. त्याच नोंदींच्या आधारे एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी विस्मृतीत गेलेल्या अनेक स्थळांचा माग काढला.

कपिलवस्तूच्या बाबतीत मात्र ते चुकले. १८७५ साली कार्लाईल यांनी बस्ती जिल्ह्यातील भुइला हेच कपिलवस्तू ठरविले व कनिंगहॅम यांनी ते मान्य केले. १८९६ साली लुंबिनीचा अशोकस्तंभ उजेडात आला आणि हे मत टिकले नाही. ही चूक प्रामाणिक होती. परंतु त्यानंतर फ्यूरर यांनी तराईतील शोधांविषयी खोटे वृत्तांत लिहिले. १८९८ साली त्यांना पद सोडावे लागले. १८९९ साली पूर्णचंद्र मुखर्जी यांना तोच प्रदेश पुन्हा तपासावा लागला. त्यांनी तिलौराकोटच्या बाजूने मत दिले. तिलौराकोट की पिप्रहवा, हा वाद आजही मिटलेला नाही.

महाराष्ट्रातील लेण्यांच्या संदर्भात हा धडा आम्हांस मोलाचा वाटतो. नाशिकच्या शिलालेखांत ज्या डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे कोरले आहे, तेथील बौद्ध लेण्यांना लोक 'पांडवलेणी' म्हणतात. नावे अशी पुसली जातात. अक्षांश-रेखांश पुसता येत नाहीत.

२ मे २००० रोजी अमेरिकेने आपल्या उपग्रह-संदेशांत मुद्दाम ठेवलेली अशुद्धता काढून टाकली. तेव्हापासून साध्या यंत्रावरही काही मीटरांपर्यंत अचूक स्थान मिळू शकते. तथापि यंत्राला मोकळे आकाश लागते. लेण्याच्या आत संदेश पोहोचत नाही. कड्यालगत तो खडकावर आपटून येतो व नकाशावरील बिंदू सरकतो. म्हणून मोकळ्या जागी उभे राहून नोंद घ्यावी आणि तेथून लेण्याच्या दारापर्यंतची दिशा व अंतर मोजावे. ही ह्युएनत्संगांचीच रीत होय. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे पृथ्वीच्या निराळ्या मापावर आधारलेले आहेत. त्यांवरील आकडे रूपांतर केल्याशिवाय आजच्या नकाशात भरू नयेत.

प्रत्येक नोंदीसोबत ती कोणी, केव्हा व कोणत्या रीतीने घेतली हेही लिहावे. आधार लिहिलेला असेल तर चूक पुढच्या पिढीला सुधारता येते. आधारच खोटा असेल तर सारे काम पुन्हा करावे लागते. आपला वारसा नकाशावर मांडताना हा सम्यक् विवेक आम्ही सोडता कामा नये.