गोळीला चरबी लावायचीच कशाला?

मागच्या सत्रात इतिहासाचे सर रजेवर होते, म्हणून आठवीचे दोन तास माझ्याकडे आले. मी शिकवतो मराठी आणि उर्दू. धडा 1857 चा होता. काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावल्याच्या बातमीने हिंदू-मुसलमान शिपाई संतापले, हे आपण सगळेच पाठ करून पास झालो. मीही तेवढेच सांगून पुढे जाणार होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, पण गोळीला चरबी लावायचीच कशाला?"

मला उत्तर येत नव्हते. उद्या सांगतो म्हणालो आणि घरी येऊन वाचत बसलो. एका दिवसात काही झाले नाही, महिना गेला.

गोष्ट सुरू होते ती नेम न लागण्यापासून. कंपनीच्या शिपायाच्या हातात ठासणीची, गुळगुळीत नळीची बंदूक असे. नळी साधारण 19 मिलिमीटर, गोळी साडेसतराची. मधली दीड मिलिमीटर फट मुद्दाम ठेवलेली, कारण दारूची काजळी नळीत साचली तरी गोळी तोंडातून भरता आली पाहिजे. बार उडाला की गोळी नळीत आपटत बाहेर पडायची. शंभर यार्डांपलीकडे एकट्या माणसाला टिपणे म्हणजे नशिबाचा खेळ.

नळीला आतून पेचदार खाचा पाडल्या तर गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते, हे कारागिरांना फार आधीपासून ठाऊक होते. पण गोळीने खाचा धरायच्या तर ती घट्ट बसायला हवी, आणि घट्ट गोळी वरून ठासायची कशी? इंग्रजांच्या बेकर रायफलीला सुरुवातीला लाकडी हातोडी द्यावी लागली होती.

या कोड्याच्या उत्तराचा एक धागा आपल्याकडचा आहे. कॅप्टन नॉर्टन नावाचा इंग्रज अधिकारी दक्षिण भारतात असताना त्याने फुंकनळीचे बाण पाहिले. बाणाच्या बुडाशी कमळाच्या देठाचा मऊ गाभा होता. फुंकर मारली की तो फुगून नळी घट्ट धरायचा. त्यावरून त्याने 1823 मध्ये बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी बनवली: भरताना सैल, बार उडताच बूड फुगून घट्ट. सरकारने ती नाकारली. पुढे ग्रीनर नावाच्या बंदूक कारागिराने तशीच गोळी दाखवली, तीही नाकारली. मग 1849 मध्ये फ्रान्सच्या मिनीए याने तीच कल्पना पक्की केली, तेव्हा इंग्रजांनी त्याला 20,000 पौंड मोजले. ग्रीनरला 1857 मध्ये 1,000 पौंड मिळाले.

1853 ची एनफिल्ड रायफल या गोळीवर उभी होती. नळी 0.577 इंच, गोळी 0.568 इंच, म्हणजे फट पाव मिलिमीटरहूनही कमी. गोळी सुमारे 34 ग्रॅम शिशाची, दारू साडेचार ग्रॅमच्या आसपास. दर बाराला वजन तेवढेच भरावे म्हणून दोन्ही एका कागदी पुडीत बांधलेले. हेच काडतूस (आमच्या उर्दूत कारतूस). शिपायाने दारूकडचे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, पुडी उलटी करून गोळीचे टोक नळीत घालायचे, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि गजाने ठासायचे. गोळीभोवतीचा कागद तिच्याबरोबर आत जायचा. एवढ्या कमी फटीत काजळीवरून ती सरकावी म्हणून त्या कागदाला वंगण लागायचे. वंगण नसेल तर काही बारांनंतर गोळी अडकणार आणि नेमही जाणार. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच.

पण वंगण हवे म्हणजे चरबीच हवी असे नव्हते. इंग्रजांच्या कारखान्याने जनावराची चरबी मुख्य आणि मेण थोडे, असे मिश्रण ठरवले. 1853 मध्ये नमुन्याची काडतुसे भारतात आली, ती या हवेत वंगण टिकते का ते पाहण्यासाठी. त्याच वर्षी बंगाल लष्कराचे कर्नल टकर यांनी लिहून कळवले होते की, शिपायांच्या धर्माला बाधा येणार नाही अशीच चरबी आहे याची खात्री झाल्याशिवाय ही काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत. कागद फायलीत राहिला. 1857 मध्ये चौकशी झाली, तेव्हा दारूगोळा खात्याच्या अधिकाऱ्याला मान्य करावे लागले की, गाईची चरबी येऊ नये म्हणून कोणतीही काळजी घेतलेली नव्हती. डुकराची चरबी खरोखर होती याचा पुरावा मला सापडला नाही, आणि तो असल्याचे मी वर्गात सांगणार नाही.

काही जण म्हणतात, दातात धरायचे टोक तर दारूचे, चरबी दुसऱ्या टोकाला, मग शिपाई उगाच भडकले. त्यांनी उन्हाळ्यात तुपाची पुडी हाताळून पाहावी.

जानेवारी 1857 मध्ये दमदमला कुजबुज सुरू झाली. महिनाअखेर सरकारने शिपायांना आपापले वंगण लावायची मुभा दिली, पुढे दाताऐवजी हाताने फाडण्याचीही. पण विश्वास आधीच गेला होता. 24 एप्रिलला मेरठच्या कवायतीत 3ऱ्या घोडदळाच्या 90 पैकी 85 स्वारांनी काडतुसे घ्यायला नकार दिला, आणि ती काडतुसे तर जुन्याच पद्धतीची होती. त्या 85 जणांत निम्म्याहून जास्त मुसलमान होते, बाकीचे हिंदू. यादीत हवालदार मातादीन आणि नाईक शेख पीर अली शेजारी शेजारी आहेत. 9 मे रोजी भर मैदानात त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मेरठ पेटले.

लढाईत बहुतेक बंडवाल्यांच्या हाती जुनीच बंदूक राहिली आणि समोर एनफिल्ड. फतेहपूरला जुलैमध्ये हॅवलॉकच्या गोऱ्या सैनिकांनी त्या लांब पल्ल्याचा पुरेपूर फायदा घेतला.

याच सुमारास दारूगोळ्याच्या तज्ज्ञांना आणखी एक गोष्ट कळली. चरबीतल्या आम्लाने शिसे गंजत होते, साठवलेल्या गोळ्या फुगत होत्या आणि नळीत अडकत होत्या. मग गोळी 0.55 इंचांपर्यंत बारीक केली आणि चरबी काढून निव्वळ मधमाशीचे मेण लावले. त्याने गोळी नीट बसू लागली.

हे सगळे मी आठवीला सांगितले. ती मुलगी म्हणाली, "मग मेण आधीच का नाही लावलं?" तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. टकरचे पत्र तिला पुढच्या तासाला दाखवायचे आहे.