जिवाणूंची शर्कराबंधक प्रथिने : अवरोधाच्या कल्पनेचा इतिहास

मुक्ताईनगर, रावेर, यावल हा तापीकाठचा केळीपट्टा. केळीच्या फळात मॅनोज या शर्करेस धरून ठेवणारे एक प्रथिन असते. ते १९९० मध्ये वेगळे करण्यात आले. अशा प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. त्यांच्या अभ्यासाचा आरंभ १८८८ मध्ये स्टिलमार्क यांनी एरंडाच्या बियांवर केलेल्या प्रयोगांपासून मानला जातो. एरंड खानदेशास परका नाही.

हाच गुण रोगजंतूंतही असतो. ऑफेक, मिरेलमन व शॅरन यांनी १९७७ मध्ये इस्राएलात दाखविले की, ई. कोलाय हा जिवाणू मानवी पेशींवरील मॅनोजला चिकटतो. १९७९ मध्ये मॅनोजच्या एका साध्या संयुगाने उंदरांच्या मूत्रमार्गात या जिवाणूस पाय रोवण्यापासून रोखता आले. जिवाणूस मारावयाचे नाही, केवळ त्याची पकड सोडवावयाची, हे त्यामागील सूत्र होय. प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासे झाले असता या सूत्राचे मोल सहज ध्यानात येते.

१९९९ मध्ये फिम-एच या चिकट प्रथिनाची त्रिमितीय रचना उलगडली. मॅनोजला तैलस्नेही शेपटी जोडल्यास ते या प्रथिनाच्या खोबणीत कितीतरी घट्ट बसते, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले.

मात्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ५९८ महिलांच्या चाचणीत रोज साधे मॅनोज घेऊनही मूत्रमार्गाच्या संसर्गाची पुनरावृत्ती लक्षणीयरीत्या घटली नाही. यावरून मूळ कल्पनाच फसली, असा निष्कर्ष काढणे प्रस्तुत लेखकास घाईचे वाटते. साध्या शर्करेची पकड मुळातच सैल असते. घट्ट बसणाऱ्या रचित रेणूंची कसोटी रुग्णांवर अद्याप पूर्ण व्हावयाची आहे.