तळटीप : १२३४५६७८९८७६५४३२१

* मूळ मजकुरात ही संख्या केवळ 'गमतीची' म्हणून आली आहे; ते अपुरे वाटते. १११११११११ (नऊ वेळा १) चा हा वर्ग. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ गणित शिकवणारे द. रा. कापरेकर अशा संख्यांना 'डेमलो संख्या' म्हणत; जीआयपी रेल्वेच्या ज्या स्टेशनावर कल्पना सुचली, त्याचे ते नाव. ही १७ अंकी संख्या, जुन्या गणनेत 'मध्य' या स्थानापर्यंत पोचणारी, उलटसुलट सारखीच वाचता येते. पण तिचे खरे वैभव आत आहे. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच 'हर्षद' नाव दिले, म्हणजे ही त्यांच्या दोन्ही वर्गांत बसते. मूळ अवयव फक्त तीन : ३, ३७ आणि ३३३६६७; त्यांचे घात अनुक्रमे ४, २, २, म्हणून एकूण विभाजक ४५. वाचकाने एकदा कागदावर १११ × १११ मांडून पाहावे : १११ च्या तीन ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे, बेरीज १२३२१. नऊ ओळींपर्यंत हातचा येत नाही. दहाव्या ओळीला येतो आणि रचना मोडते. कापरेकरांचे नाव केवळ ६१७४ या त्यांच्या स्थिरांकाशी जोडणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. — संपा.